दर्शिनीतले दहा सेकंद

मत्तीकेरेतल्या आमच्या घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर एक दर्शिनी आहे. बसायला खुर्च्या नाहीत, स्टीलच्या उंच टेबलांभोवती उभं राहून खायचं आणि निघायचं. एका रविवारी सकाळी आठच्या सुमाराला मी तिथं बाबांबरोबर इडली खात होते आणि खाता खाता शुद्ध हरपून खाली पडले.

‘शुद्ध हरपून’ हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढचं वर्षभर लोकांनी मला त्याऐवजी दुसरे कितीतरी शब्द सुचवले.

त्याआधी दोन दिवस माझं पोट बिघडलं होतं. मी आजारपणाची रजा टाकून घरीच होते, ताक-भातावर. रविवारी उठले तेव्हा बरं वाटत होतं. बाबा म्हणाले, “चल, स्वल्प इडली खाऊन येऊ, तोंडाला चव येईल.” बंगळूरमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या आमच्या सांगलीच्या बाबांच्या मराठीत ‘स्वल्प’ असाच येतो. आम्ही चालत गेलो, रांगेत उभे राहिलो. मी एक इडली संपवली. मग टेबलाची कड एकाएकी फार गार लागायला लागली आणि बाबांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा यायला लागला. त्यानंतरचं मला एकदम खालून दिसतं. एका बाईच्या साडीचा हिरवा काठ, बाबांचा तळहात माझ्या डोक्याखाली, आणि तीच बाई काउंटरकडे बघून ओरडतेय, “नीरु कोडी, नीरु कोडी!” कुणीतरी पाणी आणलं. मी उठून बसले. मला माझं नाव, वार, समोरची थाळी, सगळं माहीत होतं. जीभ चावली गेली नव्हती, हातपाय झटकले गेले नव्हते.

“किती वेळ?” मी बाबांना विचारलं.

“दहा सेकंद,” ते म्हणाले. “फार तर बारा.”

इतर कुणी असतं तर घरी जाऊन मीठ-साखरेचं पाणी प्यालं असतं आणि दुपारपर्यंत विसरलं असतं. पण मी पायलट आहे. त्या वेळी मी चौतीस वर्षांची होते, एका प्रवासी विमान कंपनीत नऊ वर्षं को-पायलट म्हणून उडत होते, आणि तीन आठवड्यांनी माझं कॅप्टन होण्याचं प्रशिक्षण सुरू होणार होतं. त्यासाठी लागणारे उड्डाणाचे तास, परीक्षा, मुलाखत, सगळं पार पडलं होतं. सिम्युलेटरच्या तारखासुद्धा आल्या होत्या. आणि त्याच्या आधी, बारा दिवसांवर, माझी वार्षिक वैद्यकीय तपासणी होती. त्या तपासणीच्या फॉर्मवर दरवर्षी एक प्रश्न असतो: गेल्या तपासणीनंतर कधी शुद्ध हरपली होती का? नऊ वर्षं मी त्यापुढच्या ‘नाही’च्या चौकोनात न वाचताच खूण करत आले होते.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई केंद्रीय शाळेत गणित शिकवायची, निवृत्त झाली तरी तिचा आवाज वर्गातलाच आहे. ती म्हणाली, “अगं, दोन दिवस पोटात काही नाही, उभं राहून खाल्लंस. चक्कर आली. त्याला शुद्ध हरपणं म्हणतात होय?”

“डोळे मिटले होते, आई. मला कळत नव्हतं. त्यालाच म्हणतात.”

“चक्कर,” आई म्हणाली आणि ताक घुसळायला गेली.

मी बाबांकडे बघितलं. मला खात्री होती ते काय म्हणतील याची. आमचे बाबा इथल्या सरकारी विमान कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. दुसऱ्यांनी बनवलेला भाग मोजायचा, भिंगाखाली धरायचा, आणि केसाएवढी चीर दिसली तरी लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. लहानपणी जेवताना आम्ही हेच ऐकलं. आज अमुक साहेबांनी दबाव आणला, आज तमुक म्हणाला एवढं चालतं, आणि मी नाही म्हणालो. त्यांच्या बढत्या दोनदा हुकल्या त्या या ‘नाही’मुळेच, असं आई अजून म्हणते. मी विमानात बसले की मला नेहमी वाटायचं, बाबांसारखा कुणीतरी हा पंख मोजून गेलाय.

बाबा खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “लिहू नकोस.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“उद्या आपल्या डॉक्टरांकडे जाऊ. रक्त तपासू, ईसीजी काढू. सगळं ठीक असेल तर त्या फॉर्मवर लिहायची गरज नाही. कळलं?”

“बाबा, तुम्ही सांगताय हे?”

“हो. मी सांगतोय.”

त्या दिवशी आम्ही दोघं परत बोललो नाही. राग मला विमान कंपनीचा नव्हता, नियमांचा नव्हता, त्या दहा सेकंदांचाही नव्हता. ज्या माणसाकडे बघून मी इतकी वर्षं खरं बोलत आले, तो माणूस मला खोटं बोल म्हणत होता, आणि तेही आमच्या बैठकीत, सहज, चष्मा पुसता पुसता. आज विचार केला तर वाटतं, मी जे केलं त्यात सचोटी किती आणि बाबांवरचा राग किती, हे मला कधीच वेगळं काढता येणार नाही.

मी तपासणीच्या दिवसाची वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या वैद्यकीय विभागाला कळवलं, आणि आमची तपासणी करण्याचा अधिकार असलेल्या डॉक्टरांना जाऊन भेटले. ते कन्नड, पांढऱ्या मिशांचे, सौम्य. दरवर्षी तेच माझी तपासणी करायचे. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही हे मला विचारताय की कळवताय?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“काय फरक आहे?”

“विचारलंत तर मी सांगेन, पाणी प्या. कळवलंत तर मला लिहावं लागेल.”

“कळवते,” मी म्हणाले.

त्यांनी एक मोठा श्वास सोडला, पेन उचललं आणि लिहायला लागले. कागद माझ्याकडे सरकवताना म्हणाले, “बहुधा पोट बिघडल्यामुळे शरीरातलं पाणी कमी झालं असेल. काळजी करू नका. दोन-तीन महिन्यांत सुटाल.” कागदावर लिहिलं होतं: उड्डाणास तात्पुरती अपात्र. कारण शोधणे आवश्यक.

ते ‘बहुधा’ त्यांनी तोंडानं म्हटलं, कागदावर लिहिलं नाही. पुढच्या सगळ्या डॉक्टरांनी तसंच केलं.

पहिला फोन माझ्याबरोबर प्रशिक्षणाला असलेल्या एका मित्राचा आला. त्यानं कशी आहेस विचारलं नाही. म्हणाला, “कोणी पाहिलं होतं का?”

“बाबांनी. आणि दर्शिनीतल्या लोकांनी.”

“म्हणजे कंपनीतलं कोणी नाही.”

“नाही.”

“मग सांगितलंस कशाला, वेडी आहेस का तू?”

असे सात-आठ फोन आले. सगळी चांगली माणसं. माझ्या विमानात त्यांची आई बसणार असती तर मी खरं सांगावं असंच त्यांना वाटलं असतं. पण पायलट म्हणून बोलताना प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच होता: पाहिलं कुणी?

तपासण्या सुरू झाल्या. मेंदूचा आलेख, मेंदूचा एमआरआय, हृदयाची सोनोग्राफी, चोवीस तास छातीला तारा चिकटवून हृदयाचे ठोके मोजणं. सगळं व्यवस्थित. मला वाटलं, झालं. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, “एक टेस्ट राहिली. टिल्ट टेबल.”

यात तुम्हाला एका टेबलावर पट्ट्यांनी बांधतात आणि टेबल उभं करतात. मग पाऊण तास तसंच उभं ठेवतात. रक्तदाब, ठोके बघत राहतात. ज्यांना उभ्यानं चक्कर येण्याचा साधा निरुपद्रवी त्रास असतो, ती माणसं त्या टेबलावर बेशुद्ध होतात. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, “तुम्ही इथं बेशुद्ध झालात तर उत्तमच. कारण सापडलं, कारण साधं आहे, मला तसं लिहिता येईल. नाही झालात तर मला लिहावं लागेल की कारण सापडलं नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा मी बेशुद्ध व्हायचा प्रयत्न करत होते. सकाळपासून उपाशी होते. पट्ट्या छातीवर, मांड्यांवर. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र. मी डोळे मिटले आणि गार टेबल, दुरून येणारा बाबांचा आवाज, सगळं आठवून बघितलं. पंधरा मिनिटं झाली. नर्सनं जिभेखाली औषधाचा फवारा मारला, त्यानं रक्तदाब खाली येतो. डोकं ठणकायला लागलं, कान तापले. मी मनातल्या मनात म्हणत होते, पड, पड ना. माझं शरीर काही पडलं नाही. नऊ वर्षं शिस्तीत ठेवलेलं शरीर, ते उभंच राहिलं.

“कंग्रॅच्युलेशन्स,” नर्स पट्ट्या सोडत म्हणाली. “एकदम नॉर्मल, मॅडम.”

मी तिथंच रडले. बिचारीला कळेना, नॉर्मल म्हटल्यावर कुणी रडतं का.

सगळे रिपोर्ट विमान वाहतुकीच्या नियामक कार्यालयाच्या संकेतस्थळावर चढवायचे होते. तिथं एक रकाना होता, निदान. त्यात आपण काही लिहू शकत नाही, यादीतून निवडायचं. यादी लांबलचक. अपस्मार होता, हृदयाचे नाना आजार होते, मधुमेह, मूतखडा, कानाचे विकार. ‘कारण सापडलं नाही’ नव्हतं. ‘इतर’ होतं, पण ते निवडलं की खाली लाल अक्षरं यायची: कृपया निदान नमूद करा. आणि नमूद करायला परत तीच यादी. मी तीन दिवस ते उघडत-मिटत होते. कार्यालयात फोन केला. हिंदीत बोलणारा एक थकलेला आवाज म्हणाला, “मॅडम, जो डायग्नोसिस है वो सिलेक्ट कीजिए.”

“डायग्नोसिस नहीं है. सब नॉर्मल है.”

“नॉर्मल है तो अनफिट क्यों हैं?”

“वही तो मैं पूछ रही हूँ.”

त्यांनी फोन ठेवला नाही, हेही सांगायला हवं. ते म्हणाले, “हार्डकॉपी भेज दीजिए.” मी पाठवली. सहा आठवड्यांनी पत्र आलं, मेंदूचा आलेख जुना झाला, नवीन काढावा. नवीन काढला. मग विचारणा आली की मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी वेगवेगळी मतं दिलीत, एकमत हवं. मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘मेंदूचं कारण नाही, हृदयाचं बघावं.’ हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘हृदयाचं कारण नाही, मेंदूचं बघावं.’ दोघंही ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या एकाच इमारतीत बसायचे, एक तिसऱ्या मजल्यावर, एक पाचव्या. मी त्या जिन्यावरून किती वेळा वर-खाली केलं ते विचारू नका. तिसऱ्या मजल्यावर गेले की ते म्हणायचे, आधी त्यांच्याकडून लिहून आणा. पाचव्यावरही तेच.

या सगळ्यात बाबा माझ्याबरोबर असायचे. मी नको म्हटलं तरी यायचे. फाइल त्यांच्याकडे. प्रत्येक रिपोर्ट क्रमानं लावलेला, कडेला तारीख, कुठला कागद कुठं दिला त्याची नोंद. आमच्यात अजूनही मोकळं बोलणं नव्हतं. सहाव्या महिन्यात एकदा तिसऱ्या मजल्यावर नंबर यायची वाट बघताना मला राहवलं नाही.

“बाबा, एक विचारू? तुम्ही आयुष्यभर लाल चिठ्ठ्या लावल्यात. मग मला का म्हणालात लिहू नकोस?”

ते फाइलचा बंद गुंडाळत-उलगडत राहिले.

“भाग परत पाठवला की दुसरा भाग येतो,” ते म्हणाले. “त्या भागाला काही वाटत नाही. तो भंगारात जातो, संपलं. तू भंगारात गेलीस तर मी काय करू? दुसरी कुठून आणू?”

“पण मागं बसणारी दीडशे माणसं?”

“तेही खरं आहे,” बाबा म्हणाले. “म्हणून तर तू लिहिलंस तेव्हा मी अडवलं नाही.” “मी चिठ्ठी लावत होतो ना, तेव्हा पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. तो भाग कुठं जाणार, कोण बघणार, किती दिवसांत निकाल. सगळं लिहिलेलं असायचं. इथं चिठ्ठी लावणाऱ्याला काहीच माहीत नाही. अशा ठिकाणी कोण स्वतःला चिठ्ठी लावून घेईल?”

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला गेला आणि डॉक्टरांनी आम्हाला पाचव्या मजल्यावर पाठवलं.

माझ्या जागेवर कॅप्टनच्या प्रशिक्षणाला दुसरं कुणीतरी गेलं. ते होणारच होतं. मी घरी बसून पुस्तकं वाचायचे, विमानाच्या यंत्रणा परत परत पाठ करायचे, कारण सुटका कधी होईल सांगता येत नव्हतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना वरून विमान गेलं की आवाजावरून ओळखायचे कुठलं आहे ते. आई हे बघायची आणि पुढचा कपडा पिळून हातात द्यायची. शेजारच्या अक्का मात्र रोज विचारायच्या, “रजा अजून संपली नाही का गं?” शेवटी मी म्हणाले, “माझी रजा माझ्या हातात नाही, अक्का.” त्यांनी समजुतीनं मान हलवली आणि माझं लग्न ठरलंय असं गल्लीत पसरलं.

आठव्या महिन्यात एक कॅप्टन मला भेटायला घरी आले. त्यांना मी सर म्हणते. मूळचे नागपूरचे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत ढगांमधून उतरताना हात स्थिर ठेवायला मला त्यांनीच शिकवलं. वय पन्नाशीच्या आत, आवाज शांत. कॉकपिटमध्ये काही बिघडलं तर त्यांच्या शेजारी बसायला मिळावं असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. आईनं त्यांना पोहे दिले. पोहे संपल्यावर म्हणाले, “गच्चीवर जाऊ या जरा.”

वर गेल्यावर ते पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “तुला काहीतरी सांगायचंय. दोन वर्षं झाली, मला धडकी भरते. कारण नसताना. लिफ्टमध्ये, जेवताना. विमानात अजून कधी नाही. म्हैसूरला एका डॉक्टरांकडे जातो. गोळ्या चालू आहेत.”

“कुठल्या?”

त्यांनी सांगितलं. ती गोळी घेत असताना उडायची आपल्याकडे परवानगी नाही, निदान आधी कळवून, तपासून घेतल्याशिवाय तरी नाही.

“गोळ्यांची चिठ्ठी कुणाच्या नावावर?”

“तुझ्या वहिनीच्या.”

“सर, हे कळवायला हवं.”

ते हसले. हसले म्हणजे तोंडानं. “कळवणार होतो. मागच्या वर्षी अर्ज लिहूनसुद्धा ठेवला होता. मग तुझं झालं. तुला तर काही नाहीये, सगळं नॉर्मल आहे, तरी आठ महिने. माझ्याकडे तर खरंच काहीतरी आहे. माझं काय करतील? तुझं बघितलं आणि तो अर्ज फाडून टाकला.”

मला त्या क्षणी कसं वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी खरं बोलले होते, आणि त्याचा परिणाम असा की दुसऱ्या एका माणसानं खरं बोलायचं रद्द केलं. माझं उदाहरण त्यांनी घेतलं होतं, अगदी काळजीपूर्वक अभ्यासून घेतलं होतं.

“गोळ्यांनी बरं वाटतं?” मी विचारलं.

“खूप. झोप लागते. दोन वर्षांत इतका चांगला उडालो नव्हतो मी. आणि हेच कुणाला सांगता येत नाही.”

मी त्यांना सांगितलं की कंपनीत पायलट लोकांसाठीच मदतीची एक गुप्त सोय आहे, आपल्यातलेच अनुभवी पायलट फोनवर बोलतात, मी बरोबर येते. ते म्हणाले, “विचार करतो.” जिना उतरताना मागं वळून म्हणाले, “हे तुझ्यापाशीच.” मी मान हलवली. हलवायला नको होती.

अकराव्या महिन्यात वैद्यकीय मंडळापुढं बोलावणं आलं. पाच डॉक्टर, लांब टेबल. वीस मिनिटं. एकानं फाइल चाळून विचारलं, “तुम्ही स्वतःहून कळवलं होतं?”

“हो.”

“साक्षीदार?”

“वडील.”

त्यांनी शेजारच्याकडे बघितलं. शेजारचे म्हणाले, “गुड. व्हेरी गुड.” मग दोन आठवड्यांनी निकाल आला. पात्र, परंतु एक वर्ष फक्त को-पायलट म्हणून. त्यानंतर पुनर्विचार. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं होतं? ‘एकच प्रसंग, कारण अनिश्चित.’ म्हणजे शेवटी ते शब्द लिहिता येत होते तर. अकरा महिने ते शब्द कुणी लिहायचं धाडस करतं का, याची वाट बघत होते.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “सरी, ठीक आहे. सुटलीस.” मी सुटले होते, आणि सुटलेही नव्हते. कॅप्टन होणं अजून किमान एक वर्ष लांब होतं, आणि त्यानंतरही माझा नंबर नव्यानं लागणार होता.

सिम्युलेटरमध्ये उजळणी झाली, परीक्षा झाली, मी परत उडायला लागले. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या पंधरवड्याचं वेळापत्रक आलं. बुधवारी सकाळी गोवा आणि परत. कॅप्टनच्या जागी सरांचं नाव.

मी ते बघून दिवसभर फिरत राहिले, यशवंतपूरच्या बाजारातून कारण नसताना दोन किलो कांदे घेऊन आले. सर उत्तम पायलट होते. त्यांना धडकी भरत असली तरी विमानात कधी भरली नव्हती. गोळ्यांनी त्यांना बरं वाटत होतं. हे सगळं खरं होतं. पण मी त्यांच्या शेजारी बसणार, मागं दीडशे माणसं, आणि त्यातल्या कुणालाच माहीत नाही ते मला माहीत. मग मी अकरा महिने कशासाठी घालवले?

मी त्यांना फोन केला.

“सर, बुधवारी आपण आहोत.”

“बघितलं मी. छान.”

“मला तुमच्याबरोबर बसता येणार नाही.”



“तुम्ही आजारपणाची रजा टाका, नाहीतर मी टाकते. पण मी टाकली तर कारण विचारतील आणि मी खोटं सांगणार नाही. मी तुमचं नाव कुठं लिहिणार नाही, सर, पण खोटंही बोलणार नाही.”

“म्हणजे तेच झालं ना,” ते म्हणाले. आवाज अजून शांतच. “तू मला शब्द दिला होतास.”

“मान हलवली होती. चूक केली.”

“तुला जे भोगावं लागलं ते मलाही भोगायला लावणार, असं आहे का हे?”

मी नाही म्हणाले. नाही, असं नाही, सर. पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, त्यात थोडं तसंही असेल. मी एवढं सोसलं आणि हे आरामात उडतायत, हा राग माझ्यात होता. तो नव्हता असं मी म्हटलं तर तेही एक खोटंच.

बुधवारी त्यांनी रजा टाकली. नंतर माझ्याशी बोलले नाहीत. दोनेक महिन्यांनी कळलं की ते मोठ्या रजेवर गेलेत. त्यांनी स्वतः कळवलं की आणखी काही झालं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग एका दुपारी वहिनींचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

“आम्ही कळवलं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी आणि मी मिळून. चिठ्ठ्या माझ्या नावावर होत्या ना, मलाही लिहून द्यावं लागलं.”

“कसे आहेत सर?”

“घरी असतात. तपासण्या चालल्यात. सकाळी चालायला जातात.” मग म्हणाल्या, “मी तुझे आभार मानायला फोन केलेला नाही. तसं समजू नकोस. ते तुझं नाव काढू देत नाहीत घरात. पण मी माझ्या नावावर गोळ्या आणायला जायचे तेव्हा दर वेळी वेगळं दुकान शोधायचे. ते आता थांबलंय, एवढंच सांगायचं होतं.”

त्यांनी फोन ठेवला. सरांचा निकाल अजून लागलेला नाही. कधी लागेल ते सांगता येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. मी ज्याला खरं बोलायला लावलं, त्याला पुढं काय वाढून ठेवलंय हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सांगता आलं असतं, तर कदाचित त्यांनी दोन वर्षांपूर्वीच कळवलं असतं.

मी अजून उजव्या बाजूच्या, को-पायलटच्या खुर्चीत आहे. गेल्या महिन्यात हुबळीच्या फेरीला ज्या कॅप्टनबरोबर होते, तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याला प्रशिक्षणात असताना मीच हवामानाचे नकाशे वाचायला शिकवलं होतं. त्याला ते आठवत होतं, त्यामुळं तो बिचारा अवघडला होता. धावपट्टीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं विचारलं, “मॅडम, टेकऑफ तुम्ही करता का?”

“तुम्ही कॅप्टन आहात, तुम्ही ठरवा,” मी जरा फटकळपणेच म्हणाले.

“मग तुम्ही करा,” तो म्हणाला.

मी हात पुढे केला आणि इंजिनांचा जोर वाढवला.